परिचारिकेचे हात आणि पिलाताचे हात

दरवर्षी ५ मे रोजी जगभर हस्तस्वच्छता दिन पाळला जातो. त्याच्या पाठोपाठ १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन येतो. आठवड्याभराच्या अंतराने येणाऱ्या या दोन दिवशी आपल्याकडील रुग्णालयांत जे समारंभ होतात त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. पहिल्या दिवशी परिचारिकांना ओळीने उभे करून हात कसे धुवावेत हे शिकविले जाते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती गुलाबाचे फूल देऊन त्यांना त्यागमूर्ती म्हणून गौरविले जाते. पहिल्या दिवशी त्या अडाणी ठरतात, दुसऱ्या दिवशी देवदूत. उरलेल्या दिवसांत त्यांच्या वॉर्डात रात्रपाळीला किती जणी असतात आणि तेथील नळाला पाणी येते की नाही, याची चौकशी करण्यास मात्र कोणास सवड नसते.

रुग्णालयात एका आजारासाठी दाखल झालेला रुग्ण दुसराच आजार घेऊन बाहेर पडतो, किंवा बाहेर पडतच नाही, ही आजच्या वैद्यकीय जगातील फार मोठी शोकांतिका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतील रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी सात जणांना, आणि आपल्यासारख्या देशांत पंधरा जणांना, रुग्णालयातच नवा जंतुसंसर्ग होतो. अशा बाधितांपैकी सरासरी दहांत एक दगावतो. या पापाचे खापर कोणाच्या माथी फुटते? बहुतेक वेळा खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या. "सिस्टरांना काही कळत नाही", "सिस्टर हात धूत नाहीत", हे वाक्य नातेवाईक म्हणतात, डॉक्टर म्हणतात, प्रशासकही म्हणतात. आमचे म्हणणे असे की, हा न्याय म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. परिचारिकेला प्रशिक्षण हवे, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु तिच्या अज्ञानाची चर्चा करीत राहून माणसे, पाणी, साबण आणि अधिकार या चार गोष्टी तिला नाकारणाऱ्यांना मोकळे सोडणे, हा आमच्या मते अन्याय आहे.

आम्ही भिवंडीचे उदाहरण मुद्दाम घेतो. चिंचोटी-कामणच्या रस्त्याने अंजूरफाट्यापर्यंत गेलेल्या कोणासही हे शहर परिचयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सात लाखांच्या वर गेली होती. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला यंत्रमाग कामगार येथे कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत पाळ्यांत राबतो, बिस्सीत जेवतो आणि एकाच खोलीत अनेकांबरोबर आळीपाळीने झोपतो. अशा दाटीत क्षय, गोवर, कावीळ, हगवण यांना आमंत्रण द्यावे लागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई, मालेगाव यांच्याबरोबरच भिवंडीतही गोवराने डोके वर काढले, ते वाचकांना आठवत असेल. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणजे गोवराचे मूल ज्या बाकावर बसून गेले, त्याच बाकावर तासाभराने बसणारे लसीविना राहिलेले तान्हे मूल धोक्यात असते. हे टाळावयाचे तर वेगळी खोली हवी, खेळती हवा हवी, आणि दारातच पुरळ ओळखून रुग्णाला बाजूला काढणारी, हाताशी वेळ असलेली परिचारिका हवी.

या शहरातील गरिबाचा आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय; लोक त्याला नुसते 'आयजीएम' म्हणतात. २०२० च्या साथीत ते कोरोना रुग्णालय झाले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे जिलानी इमारत कोसळून अडतीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमींना याच रुग्णालयात आणण्यात आले. एकीकडे साथ आणि दुसरीकडे उघड्या जखमा, अशा वेळी संसर्ग रोखणे म्हणजे काय असते याची कल्पना वाचकांनीच करावी. आमचा रोख कोणा एका रुग्णालयावर नाही. भिवंडीत जे आहे तेच मालेगावात, इचलकरंजीत आणि मुंबईच्या उपनगरांत आहे. जेथे रुग्ण सर्वांत गरीब, आजार सर्वांत सांसर्गिक आणि खाटा सर्वांत अपुऱ्या, तेथेच परिचारिकाही सर्वांत कमी, हा आपल्या व्यवस्थेचा नियम होऊन बसला आहे.

आता परिचारिकेच्या 'ज्ञाना'कडे वळू. गेल्या काही दशकांत या विषयावर आपल्या देशात प्रबंधांचे पीक आले आहे. त्यांची रीत ठरलेली. एका रुग्णालयातील काही परिचारिकांना प्रश्नावली द्यावयाची. हात कधी धुवावेत, सुई कोठे टाकावी, कॅथेटरची निगा कशी राखावी, असे प्रश्न विचारावयाचे. गुण मोजून त्यांचे ज्ञान 'मध्यम' आहे असे ठरवावयाचे. मग एक व्याख्यान देऊन पुन्हा तीच प्रश्नावली द्यावयाची आणि गुण वाढले की प्रशिक्षणाची शिफारस करून प्रबंध मिटावयाचा. या अभ्यासांना आम्ही निरर्थक म्हणत नाही. परंतु प्रश्नावली नेहमी परिचारिकेलाच दिली जाते, नळाला कोणी प्रश्न विचारीत नाही. भांडारपालाला विचारले जात नाही की, बाबा रे, हातमोजे संपल्यास किती दिवस झाले? ज्याने पदभरतीची फाइल दाबून ठेवली त्याच्या ज्ञानाची चाचणी कोण घेणार?

वस्तुतः आमच्या परिचारिकांना काय ठाऊक नसते? रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त वा अन्य स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतीच्या वस्तूंना हात लागल्यावर, असे हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितले; परिचर्या शिकणारी मुलगी ते आज घडाघडा म्हणून दाखवील. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत काय टाकावे हेही तिला पाठ असते. आणि या ज्ञानाचे आचरण काय करू शकते याचे उदाहरण मुंबईनेच घालून दिले आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. त्यांचे प्रकरण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा सदतीस वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण पडू दिलेला नाही, या गोष्टीची न्यायालयाने आवर्जून नोंद घेतली. त्या २०१५ साली वारल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा फाटणे आणि त्यातून जंतू आत शिरणे किती सहज घडते, हे घरात पक्षाघाताचा रुग्ण सांभाळलेल्या वाचकांना सांगावयास नको. एका सरकारी रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या ते घडू दिले नाही. तेथे ज्ञान होते आणि माया होती. आणि एका रुग्णासाठी अनेक हातही होते. ज्या वॉर्डात एका परिचारिकेवर चाळीस रुग्ण सोपविले जातात, तेथे ज्ञान आणि माया तेवढीच असूनही हात कमी पडतात.

थोडे गणितच करू. रात्रपाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची धरा. एकटी परिचारिका आणि चाळीस रुग्ण. प्रत्येक रुग्णाजवळ रात्रभरात तिला किमान चार वेळा जावे लागते असे समजा: एकदा औषधासाठी, एकदा सलाईनसाठी, एकदा ताप व रक्तदाब पाहण्यासाठी, एकदा त्याने हाक मारली म्हणून. प्रत्येक खेपेला स्पर्शापूर्वी एकदा आणि नंतर एकदा हात स्वच्छ करावयाचे. म्हणजे एका रात्रीत ३२० वेळा. पाणी व साबणाने नीट हात धुण्यास जवळजवळ एक मिनिट लागते. तेव्हा ३२० मिनिटे, अर्थात पाच तासांहून अधिक वेळ, ती केवळ नळापाशी उभी राहील, आणि तोही नळ दहा पावलांवर असेल तर! खाटेशेजारी अल्कोहोलचे द्रावण ठेवलेले असेल तर हाच वेळ निम्म्यावर येईल. मग इंजेक्शने कोणी द्यावयाची? नोंदवही कोणी भरावयाची? हे गणित आम्हीच प्रथम मांडतो आहोत असे नव्हे. १९९७ मध्ये फॉस आणि विडमर या दोन तज्ज्ञांनी अतिदक्षता विभागाविषयी असाच हिशेब केला. बारा कर्मचाऱ्यांच्या एका पाळीत सर्वांनी प्रत्येक वेळी साबणपाण्याने हात धुतले तर त्यात सोळा तासांचे मनुष्यबळ खर्ची पडेल, द्रावण वापरले तर तीन तासांचे, असे त्यांचे उत्तर आले. हात धुण्याचा प्रश्न वेळेचा आणि संख्येचाही आहे, हे जगाला तेव्हापासून ठाऊक आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे की, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी राखीव जागा ठेवाव्यात. हे प्रमाण कागदावर आहे. वाचकांनी आपल्या जवळच्या रुग्णालयात एखाद्या रात्री स्वतः जाऊन खाटा मोजाव्यात, परिचारिका मोजाव्यात आणि मग हे प्रमाण आठवावे. पदे रिकामी ठेवावयाची, भरली तर कंत्राटाने भरावयाची, अकरा महिन्यांनी माणूस बदलावयाचे आणि पुन्हा म्हणावयाचे की कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण नाही! मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतामार्फत भरती करण्यास विरोध ही त्यांची मुख्य मागणी होती. अनेकांनी तो पगाराचा संप मानला. आमच्या मते तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही संप होता. कारण जंतुसंसर्ग रोखण्याची शिस्त ही वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्या माणसांत रुजते, ती कंत्राटाच्या कागदासोबत येत नाही.

इतिहासाची साक्ष काढावयाची तर ती परिचारिकेच्या विरुद्ध जात नाही. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये डॉक्टरांच्या कक्षात शंभरांतील अकरा माता दगावल्या, सुईणींच्या कक्षात तीनहूनही कमी. डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी याचे कारण शोधले. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूती करीत. १८४७ पासून त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि १८४८ मध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरांत सव्वापर्यंत खाली आले. परंतु आपले हात अस्वच्छ आहेत हे सभ्य गृहस्थांना मानवले नाही. सेमेलवाइस यांची उपेक्षा झाली. दीडशे वर्षांनीही फारसा फरक पडलेला नव्हता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हाच्या रुग्णालयातील पाहणीत दिदिए पित्ते व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, आवश्यक त्या प्रसंगांपैकी परिचारिका ५२ टक्के प्रसंगी हात स्वच्छ करीत होत्या, तर डॉक्टर ३० टक्के. शिवाय कामाचा ताण जितका अधिक तितके हात धुणे कमी, असेही दिसून आले. तेव्हा परिचारिकांसाठी शिबिरे भरविणाऱ्यांनी पहिल्या रांगेत कोणाला बसवावे, हे आम्ही सांगण्याची गरज आहे काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हातमोजे घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तशाच जाणाऱ्या परिचारिका नाहीत काय? वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविणाऱ्या, मोबाइलवर बोलत ड्रेसिंग करणाऱ्या नाहीत काय? आहेत. साधनसामग्री समोर असूनही जी आळसाने हात धूत नाही, ती दोषी आहे आणि तिला जाब विचारला गेलाच पाहिजे. हातमोजे हे हात धुण्यास पर्याय नव्हेत, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागत असेल तर सांगितलेच पाहिजे. दुसरेही एक कटू सत्य आहे. अनेक लहान खाजगी दवाखान्यांत पांढरा कोट चढवून जी मुलगी 'सिस्टर' म्हणून उभी असते, तिने परिचर्येचे शिक्षणच घेतलेले नसते. येथे अज्ञान खरे आहे. पण ते कोणाचे पाप? चार हजार रुपये वाचविण्यासाठी अप्रशिक्षित मुलीच्या हाती सुई देणाऱ्या मालकाचे की त्या मुलीचे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान वीस हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. ती किती ठिकाणी पाळली जाते, याची चौकशी आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही परिचारिकेच्या घरी करावी.

आणि जेथे ज्ञान व साधने दोन्ही आहेत, तेथेही एक तिसरी गोष्ट लागते. ती म्हणजे बोलण्याचा अधिकार. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत एक साधा उपक्रम राबविला गेला. त्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना पाळावयाच्या पाच गोष्टींची यादी करण्यात आली: हात धुणे, त्वचा योग्य द्रावणाने पुसणे, अंगावर पूर्ण निर्जंतुक आवरण घेणे, शक्यतो जांघेतील रक्तवाहिनी टाळणे आणि गरज संपताच नळी काढून टाकणे. यांतील एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. नवे होते ते इतकेच की, डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला तेथेच थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. दीड वर्षात नळीमुळे होणारा रक्तातील संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटला. आपल्याकडील एखादी अधिपरिचारिका मोठ्या शल्यविशारदाला "साहेब, आधी हात धुवा" असे म्हणू शकते काय? म्हटले तर दुसऱ्या दिवशी तिची बदली कोणत्या वॉर्डात होईल? जिला तोंड उघडण्याची मुभा नाही, तिच्याकडून पहारेकऱ्याचे काम मागणे ही थट्टा आहे.

या थट्टेची किंमत प्रथम परिचारिकाच चुकवितात. मे २०१८ मध्ये केरळातील पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात एका तापाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर लिनी यांना निपाहची लागण झाली आणि २१ मे रोजी त्यांचा अंत झाला. कोणता रोग आहे हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रल येथील वोखार्ट रुग्णालयात २६ परिचारिका व तीन डॉक्टर कोरोनाबाधित निघाल्याने महापालिकेने ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र ठरविले. पुरेशी संरक्षक साधने मिळाली नाहीत, असा आरोप त्या वेळी परिचारिकांच्या संघटनेने केला होता. त्यांच्यासाठी देशाने थाळ्या वाजविल्या. थाळीच्या नादाने जंतू मरत नाहीत, मुखपट्टीने ते अडतात, हे सांगण्यास तेव्हा फारसे कोणी पुढे आले नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत विसरता येणार नाही असे एक नाव आहे. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचेच नाव दिलेल्या, भांडुप येथील महापालिकेच्या प्रसूतिगृहात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातील चार बालके जंतुसंसर्गाने दगावली. विधिमंडळात गदारोळ झाला, निलंबनाची घोषणा झाली. अशा वेळी नेहमी असेच होते: कोणी एक निलंबित होतो, चौकशी समिती बसते आणि वॉर्ड पूर्वीसारखा चालू राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत बारा नवजात बालके होती. मृत्यूंची कारणे अनेक असतील. पण त्यानंतर तेथे काय झाले? एका खासदारांनी कॅमेऱ्यांपुढे अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. शौचालय घाण होते हे खरेच. परंतु सफाई कामगारांच्या किती जागा रिकाम्या होत्या, हा प्रश्न त्या झाडूच्या एका फटकाऱ्याने झाकून टाकला गेला. स्वच्छता हा आपल्याकडे शिक्षेचा किंवा छायाचित्राचा विषय आहे. अर्थसंकल्पाचा विषय तो अजून झालेला नाही. केंद्र सरकारच्या २०१५ मधील 'कायाकल्प' योजनेने काही रुग्णालयांचे रूप पालटले, हे आम्ही मान्य करतो. पण बक्षिसासाठी वर्षातून एकदा रंगविलेली भिंत आणि रोज मिळणारा साबण यांत फरक आहे.

येथपर्यंत आम्ही सरकारला बोल लावला. आता आपल्या घराकडे वळणे भाग आहे. कोकण किनाऱ्यावरील आपल्या ख्रिस्ती समाजाने परिचर्येच्या व्यवसायाला किती मुली दिल्या, याची मोजदाद नाही. दोन घरे सोडून तिसऱ्या घरात एखादी सिस्टर असतेच. आपल्या धर्मभगिनींनी हा व्यवसाय व्रत म्हणून पत्करला. आजही ख्रिस्तसभेची रुग्णालये 'सेवा' हा शब्द अभिमानाने पाटीवर लिहितात. आम्ही त्यांच्या चालकांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारतो: आपल्या रुग्णालयात रात्री किती रुग्णांमागे एक परिचारिका असते? तिला किती वेतन मिळते? सुई टोचल्यास तिची तपासणी व उपचार कोणाच्या खर्चाने होतात? 'सेवा' हा शब्द कमी पगारावरचे पांघरूण होता कामा नये. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आठवावा. त्याने जखमीच्या घावांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्याला उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी निघताना मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले; अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे वचनही दिले. त्याने उतारशाळेच्या मालकाला सेवेवर प्रवचन दिले नाही. दया करावयाची तर तिचा खर्चही उचलावा लागतो, हे त्याला कळले होते.

धर्मग्रामातील कुटुंबांनाही आमचे दोन शब्द आहेत. आजाऱ्यांना भेटणे हे दयेचे कृत्य आहे, परंतु रविवारच्या मिस्सानंतर संपूर्ण आळीने वॉर्डात शिरणे, रुग्णाच्या खाटेवर बसणे, तान्ह्या मुलांना बरोबर नेणे हे दयेचे कृत्य नव्हे. भेटीची वेळ संपल्यावर बाहेर जाण्यास सांगणाऱ्या परिचारिकेशी हुज्जत घालणारा मनुष्य दुसऱ्याच्या आजारपणात भर घालीत असतो. साध्या तापालाही "इंजेक्शन द्या, सलाईन लावा" असा आग्रह धरणारे नातेवाईक हे विसरतात की, त्वचेला पाडलेले प्रत्येक छिद्र म्हणजे जंतूला उघडलेले एक दार आहे.

मग करावे काय? आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीतील रुग्णांची व परिचारिकांची संख्या रोज फळ्यावर लिहिली जावी, म्हणजे दोष कोणाचा हे लोकांना वाचता येईल. प्रत्येक खाटेजवळ हात स्वच्छ करण्याचे द्रावण आणि प्रत्येक वॉर्डात वाहते पाणी व साबण असावा; कारण २०२२ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार जगातील जवळजवळ निम्म्या आरोग्य केंद्रांत ही प्राथमिक सोयही पूर्णपणे नाही. २०२० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सांगितलेली संसर्ग-नियंत्रण परिचारिका प्रत्येक मोठ्या रुग्णालयात नेमली जावी. तिला दुसरे काम देऊ नये, आणि कोणालाही, अगदी अधिष्ठात्यालाही, थांबविण्याचा अधिकार तिला असावा. परिचारिका आणि सफाई कामगार यांना कावीळ 'ब' व धनुर्वाताची लस देणे २०१६ च्या नियमांनी रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. ती दिली गेली की नाही, हे कंत्राटी मावशींच्या बाबतीतही तपासले जावे. आणि प्रशिक्षण द्यावयाचे तर परिचारिका, डॉक्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि प्रशासक या सर्वांना एकाच खोलीत बसवून द्यावे.

या मागण्या कोणी करावयाच्या? परिचारिकांनी केल्या तर तो संप ठरतो; रुग्णांनी केल्या तर गोंधळ. म्हणून त्या नागरिकांनी केल्या पाहिजेत. भिवंडीच्या यंत्रमागावरील कामगार आपली पाळी सोडून निवेदन घेऊन येणार नाही. तो आजारी पडला की त्याचा रोज बुडतो आणि त्याच्यासाठी बोलणारे गावी असतात. ज्यांच्या लेकी-सुना या व्यवसायात आहेत, ज्यांना अर्ज लिहिता येतो आणि नगरसेवकाचे दार ठाऊक आहे, अशा आपल्यासारख्या समाजावर ही जबाबदारी अधिक आहे. धर्मग्राम समित्यांनी जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे हे प्रश्न लेखी मांडावेत आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

पवित्र आठवड्यात आपण दरवर्षी ऐकतो की, पिलाताने लोकांसमोर पाणी मागविले, हात धुतले आणि एका निरपराध्याला क्रुसावर देण्यासाठी सोपवून दिले. त्याचे हात स्वच्छ होते, त्याच्याजवळ पाणीही होते आणि अधिकारही होता. आमच्या परिचारिकांचे हात मळतात ते काम करताना, आणि त्या हातांवर ओतावयास कित्येकदा पाणी नसते. जंतुसंसर्ग रोखावयाचा असेल तर ज्यांच्याजवळ अधिकार आहे त्यांनी जबाबदारीतून हात धुऊन मोकळे होण्याचे आता थांबवावे आणि तेच पाणी वॉर्डाच्या नळाला सोडावे.